लाडूबाई तांबट दुसऱ्या पायरीस चढल्या, ती हकीकत

श्रीचक्रपाणि प्रसन्न. वाट दाखविणारास नमन, वाटेंत पाणी देणारास नमन, आणि पुढें गेलेल्यांची धूळ खाऊन मागें चालत राहिले त्यांस विशेष नमन. शके एकोणीसशें त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयीं या राज्यांत सायकलींच्या दौडीचा मोठा उत्साह होता. लिहावें म्हणोन कोणाची आज्ञा जाहली नाहीं. परंतु ज्यांनीं डोळां पाहिलें ते आम्ही म्हातारे होत चाललों, आणि पुढील लोकांस खरें काय तें कळावें, म्हणोन दौडीच्या रेघेपाशीं उभें राहून जें पाहिलें आणि विश्वासू तोंडून जें ऐकिलें, तें लिहितों.

राज्याची रीत ऐसी होती कीं, दौडणारांच्या तीन पायऱ्या. नवा येईल तो तिसऱ्या पायरीवर उभा राही. दौडींत पहिला येई त्यास सात मान, दुसऱ्यास पांच, तिसऱ्यास तीन, आणि बाकीच्यांस घरीं जाऊन सांगावयास गोष्ट. बारा महिन्यांचे आंत वीस मान जमले म्हणजे दुसरी पायरी मिळे, आणि बारा महिने लोटले कीं जुना मान आपोआप गळून पडे. तिसऱ्या पायरीवर बायकांची दौड वेगळी, पुरुषांची वेगळी. दुसऱ्या पायरीपासून सर्व एकत्र. आणि चैत्रमासीं किल्ल्याभोंवतीं सात फेऱ्यांची थोर दौड होत असे, तींत दुसऱ्या पायरीखालच्या माणसास प्रवेश नव्हता. त्या दौडींत घाट होता, घाटाचा उतार होता, आणि उतारावर ऐंशी सायकली अंगास अंग लावून जात, त्यामुळें ती दौड पाहावयास सारें राज्य लोटे.

घाटाखालच्या कसब्यांत लाडूबाई तांबट म्हणोन होत्या. वय वर्षें चौतीस, अंगानें सडपातळ, बोलणें कमी. यजमान रायाजी तांबट हंडे-घागरी घडवीत, आणि लाडूबाई ठोक्याचें काम करोन तयार माल सायकलीवर बांधोन सात गांवच्या बाजारीं नेत. ऐसें करितां करितां पाय तयार जाहले, आणि एके वर्षीं कोणी सहज म्हणालें कीं दौडींत कां उतरत नाहीं, म्हणोन उतरल्या, आणि पहिल्या आल्या. मग त्या हिवाळ्यांत सहा दौडी जाहल्या आणि सहाही दौडींत लाडूबाई पहिल्या आल्या. त्यांनीं मनांत हिशेब धरिला कीं बेचाळीस मान जाहले, आतां थोर दौड दूर नाहीं. रायाजींनीं जुनी सायकल उतरवून तिचें एक एक हाड साफ केलें आणि नवी चेन चढविली. शके चव्वेचाळीसचे चैत्रांत, थोर दौडीस आठ दिवस उरले असतां, लाडूबाई सहा दाखले पदरीं बांधोन पायऱ्यांच्या दफ्तरीं गेल्या.

दफ्तरदार त्र्यंबकपंत म्हणोन होते. गृहस्थ कडक, परंतु लबाडी ठाऊक नाहीं. त्यांनीं सहाही दाखले वाचिले, पुन्हा वाचिले, आणि खालीं ठेवून म्हणाले, "बाई, आपले नांवें एकही मान नाहीं." लाडूबाईंस वाटलें कीं ऐकण्यांत चूक जाहली. मग पंतांनीं वही उघडून कलम दाखविलें कीं, रेघेवरून दहाजणांहून कमी सुटले तर त्या दौडीचा मान कोणास लागू नाहीं. लाडूबाईंच्या दौडींत कधीं सात जणी होत्या, कधीं आठ, एकदां नऊ. त्यांनीं विचारिलें कीं ऐसें कलम कां केलें. तेव्हां पंतांनीं मागील वर्तमान सांगितलें. पूर्वीं कोणी दोघे मेहुणे होते. त्यांनीं आपल्या शेताच्या बांधावर दोघांतच दौडी मांडिल्या, आज हा पहिला, उद्यां तो पहिला, ऐसें करोन दीड महिन्यांत दोघेही थोर दौडीस येऊन उभे राहिले. गर्दींत चाक कैसें धरावें हें दोघांसही ठाऊक नव्हतें. घाटाच्या पहिल्या वळणावर दोघे आडवे जाहले आणि त्यांच्यावर अकराजण पडले. त्या अकरांतील एकाचा खांदा आजवर वर होत नाहीं. "पायरी म्हणजे शोभेची वस्तु नव्हे," पंत म्हणाले. "ती पाहोन शेजारचा माणूस आपला जीव तुमच्या चाकामागें घालितो. सात जणींत पहिलें येणें निराळें, बाई." लाडूबाईंनीं दाखले पुन्हा पदरीं बांधिले आणि वीस कोस सायकल चालवून घरीं आल्या. रायाजींनीं तोंड पाहोन ताट वाढिलें. तीन दिवस लाडूबाई सायकलीजवळ गेल्या नाहींत. चौथे दिवशीं सकाळीं म्हणाल्या कीं दहा जणी नाहींत म्हणोन मान नाहीं, तर दहा जणी करणें आलें.

मग त्या वैशाखापासोन लाडूबाई बाजारीं जात तों भांडीं विकीत आणि माणसें शोधीत. जी बाई सायकलीवर दिसे तिला थांबवीत. कोणी हंसल्या, कोणाच्या सासूनें दार लाविलें, आणि कोणी एक दिवस येऊन दुसरे दिवशीं आल्या नाहींत. परंतु हळूहळू मेळा जमूं लागला. त्यांत भिकूबाई सुईण म्हणोन होत्या, वय अठ्ठावन, जड लोखंडी सायकलीवर बसोन रात्रीं-बेरात्रीं बाळंतपणास जाणाऱ्या. त्यांस सर्व मावशी म्हणत. आणि घाटावरच्या गवळीवाड्यांतील हौसा गवळी ही एकोणीस वर्षांची पोर होती. ती रोज पहाटे सायकलीच्या दोहों बाजूंस दुधाचे भरले कॅन बांधोन खालीं येई आणि रिकामे घेऊन घाट चढे. एके दिवशीं लाडूबाई चढावर तिच्या मागोमाग निघाल्या. दोन वळणें सोबत राहिल्या, तिसऱ्या वळणावर मागें पडल्या. वर येऊन पाहती तों पोर दगडावर बसोन भाकर खात होती. लाडूबाईंनीं विचारिलें, दौडशील काय. हौसा म्हणाली कीं काकी, मला भर गर्दींत भय वाटतें. लाडूबाई म्हणाल्या, तें मी शिकवीन.

आणि त्यांनीं शिकविलें. नदीकांठच्या सपाट वाटेवर दर आठवडां सकाळीं नऊ-दहा सायकली निघत. पुढलीच्या चाकामागें वीतभर अंतर ठेवून वाऱ्याचा आडोसा कैसा घ्यावा, आपल्या चाकाकडे न पाहतां दहा हात पुढें कैसें पाहावें, वळणांत ब्रेक न दाबतां वळणाचे आधींच वेग कैसा उतरावा, खड्डा दिसतां हातानें मागच्यांस खूण कैसी करावी, हें सर्व. हौसा दोनदां पडली, एकदां लाडूबाईंस घेऊन पडली. गुडघे फुटले ते धुतले आणि पुन्हा निघाल्या. आश्विन सरतां सरतां ती पोर चाकामागें चाक लावून डोळे न मिचकावतां चालूं लागली.

कार्तिकांत पहिली दौड जाहली. रेघेवर मोजून दहा जणी उभ्या राहिल्या, आणि लाडूबाई पहिल्या आल्या. वहींत सात मान लिहिले गेले, तेव्हां त्यांनीं पंतांस विनंती करोन तो आंकडा स्वतः पाहिला. मार्गशीर्षांत दोघींच्या घरीं लग्नें निघालीं, आठच सुटल्या, जिंकून उपयोग नाहीं. पौषांत पुन्हा दहा जमल्या आणि पुन्हा सात मान. हौसा पहिल्या दौडींत पांचवी आली, आणि पौषांत फार लौकर पुढें गेली व शेवटीं दम तुटून चौथी आली. भिकूबाई दोन्ही वेळां दहाव्या आल्या. माघांत ताप पसरला, सहाच सुटल्या. ऐसे चौदा मान हातीं आणि फाल्गुनांतील एक दौड शिल्लक. पहिली आली तर एकवीस मान होऊन त्याच चैत्रीं थोर दौड. दुसरी आली तर एकोणीस, आणि पुढल्या हिवाळ्याची पहिली दौड होण्याचे आधींच कार्तिकांतील सात मान गळणार. ऐसा तो प्रसंग.

दौडीचे आदले दिवशीं दोन प्रहरीं हौसा दूध घालून परततां तांबट आळींत आली आणि दारांत उभी राहिली. आंत ये म्हटलें तरी आंत येईना. मग म्हणाली, "काकी, सगळ्या जणी मला म्हणतात, उद्यां अंग राखून चालीव. तुम्ही सांगाल तसें करीन." लाडूबाईंच्या हातीं ठोकण्याची हातोडी होती. पोरीचे पाय त्यांनीं सहा महिने पाहिले होते, म्हणोन उद्यां ती पूर्ण जोरानें आली तर काय होईल हें त्यांस दुसऱ्या कोणी सांगावयास नको होतें. त्यांनीं हातोडी खालीं ठेविली. रायाजी आंतून ऐकत होते, त्यांनींही ठोका थांबविला. मग लाडूबाई म्हणाल्या, "रेघेवर मी तुझी काकी नव्हे. जितकें अंगांत असेल तितकें चालीव." हौसा मान हालवून गेली. लाडूबाईंनीं पुन्हा ठोके घालावयास घेतले, आणि त्या दिवशींची घागर एका अंगास ऐसी बसली कीं रायाजींस ती मोडून पुन्हा घडवावी लागली. रायाजी आम्हांस पुढें म्हणाले कीं ती सांगेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतें काय सांगेल, आणि तिलाही नव्हतें.

फाल्गुन वद्य तृतीयेस दौड जाहली. आम्ही रेघेपाशींच्या नगाऱ्याजवळ उभे होतों. दहा जणी सुटल्या, चार फेरे, प्रत्येक फेऱ्यांत चुन्याच्या भट्टीपाशीं लहानसा चढ. वारा नदीकडून आडवा येत होता. पहिल्या दोन फेऱ्यांत सर्व एकत्र चालल्या, तिसऱ्यांत लाडूबाईंनीं चढावर जोर करोन मेळा फोडिला, आणि मागें वळोन पाहिलें तों एकटी हौसा चाकास लागून होती. चवथा फेरा दोघींनींच काढिला. वारा अंगावर घ्यावयाचा तो लाडूबाईंनीं निम्मा घेतला आणि निम्मा हौसेनें घेतला, कोणी कोणास फसविलें नाहीं. रेघ दोनशें हातांवर राहिली तेव्हां लाडूबाई पायडलांवर उभ्या राहून निघाल्या, आणि त्यांची चाल इतकी चांगली होती कीं लोकांनीं आधींच त्यांचें नांव घ्यावयास आरंभ केला. मग हौसा वाऱ्याच्या अंगानें बाहेर निघाली. चेहऱ्यावर कांहीं नाहीं, डोळे पुढें, आणि पाय जैसे घाट चढतांना चालत तैसेच. एका चाकाच्या अंतरानें ती पुढें रेघ ओलांडून गेली. लोकांचा गलका तोंडांतल्या तोंडांत राहिला.

यानंतर जें जाहलें तें लिहावयास लाज वाटते, तरी लिहितों. मेळ्यांतील बायका हौसेशीं बोलेनात. म्हणाल्या कीं जिनें शिकविलें तिचाच घांस काढिला. कसब्यांतील सहा घरांनीं गवळीवाड्याचें दूध बंद केलें. हौसा त्याच दिवशीं पंतांकडे गेली आणि आपला पहिला नंबर लाडूबाईंच्या नांवें करावा म्हणोन हात जोडिले. पंतांनीं तिला पाणी दिलें आणि सांगितलें कीं बाळ, पाय तुझे होते, ते दुसऱ्याच्या नांवें लिहितां येत नाहींत. तेव्हां ती घाटावर गेली आणि खालीं यावयाची बंद जाहली, दूध तिचा भाऊ आणूं लागला. आम्हीही तिला ते दिवशीं कृतघ्न म्हटलें, आणि आमच्या तोंडचा शब्द चार लोकांनीं उचलिला. तो शब्द येथें परत घेतों. लाडूबाईंनीं कोणास कांहीं म्हटलें नाहीं, बरें नाहीं आणि वाईटही नाहीं. तो चैत्र आला, थोर दौड जाहली, त्यांनीं ती पाहिली नाहीं. घरांत बसोन घागरी घडविल्या.

वैशाखाचे शेवटीं एके सकाळीं लाडूबाई सायकल काढून घाट चढल्या आणि गवळीवाड्यांत हौसेच्या अंगणांत जाऊन उभ्या राहिल्या. हौसा म्हशी धूत होती. तिनें पाहिलें आणि हातांतील गवताचा बोळा तैसाच राहिला. पुढील बोलणें हौसेनें स्वतः आम्हांस सांगितलें. लाडूबाई म्हणाल्या, "तूं पुढें गेलीस तेव्हां मला राग आला. नशिबाचा आला म्हणेन तर खोटें होईल. तुझाच आला, आणि दोन महिने राहिला. म्हणोन आलें नाहीं." हौसेनें विचारिलें, आतां गेला काय. लाडूबाई म्हणाल्या, "पुष्कळ गेला. उरला तो चढावर जाईल. परंतु तूं अंग राखिलें असतेंस, तर मी वर चढलें असतें आणि मला कधींच कळलें नसतें कीं मी चढलें कीं तूं चढविलें." मग हौसा रडली, आणि लाडूबाईंनीं तिला रडूं दिलें, म्हशींस पाणी घातलें. शेवटीं हौसा म्हणाली, "काकी, आतां मेळा मोडला. माझ्या नांवें सात आहेत, तुमच्या नांवें थोडे उरतील. दहा जणी कोठून आणावयाच्या?" लाडूबाई म्हणाल्या कीं पहिल्यांदा आणिल्या तेथूनच, आणि आतां दोघी आहोंत.

परंतु मागल्यापेक्षां हें काम कठीण होतें, कारण पूर्वीं लोक हंसत होते आणि आतां रुसले होते. दोघी सोबत घरोघर गेल्या. ज्यांनीं दार उघडिलें त्या लाडूबाईंस बसावयास पाट देत आणि हौसेकडे पाठ करीत. मग आषाढांत भिकूबाईंच्या ओटीवर सर्वांस बोलावणें जाहलें. तेथें एकीनें स्पष्ट म्हटलें कीं आम्ही बाईंस चढविण्याकरितां घाम गाळिला, तो फुकट गेला. भिकूबाई सुपारी कातरीत होत्या. त्या म्हणाल्या, "मी तीन दौडी दहावी आलें. या वयांत, या सायकलीवर. बाळंतिणींस सोडून आलें नाहीं एवढें मात्र खरें, बाकी सर्व सोडून आलें. तें का लाडूबाईसाठीं आलें? वारा कानांत शिरतो तो मला आवडतो म्हणोन आलें. तुम्हांस आवडत नसेल तर घरीं बसा, आणि पोरीस बोल लावूं नका." मग रुसलेल्यांतील पहिली उठली ती हौसेजवळ जाऊन बसली, आणि विचारूं लागली कीं चढावर तुझे पाय जड कैसे होत नाहींत. तेथून बोलणें सुरू जाहलें तें दिवे लागेपर्यंत सरलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासोन सहाही घरीं दूध पुन्हा जाऊं लागलें.

शके पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, कार्तिकाची दौड जाहली तेव्हां रेघेवर चौदा जणी होत्या. हौसा पहिली आली, लाडूबाई दुसऱ्या. मार्गशीर्षांत सतरा जणी सुटल्या. त्या दौडींत दाट धुकें पडलें होतें, आणि शेवटच्या फेऱ्यांत चौघी एकत्र रेघेकडे आल्या. हौसा पहिली, लाडूबाई पुन्हा दुसऱ्या, तिसरीच्या पुढें हातभर. पंतांनीं वही उघडून बेरीज केली. हौसेचे एकवीस. लाडूबाईंचे पौषांतले सात, फाल्गुनांतले पांच, कार्तिकांतले पांच, आजचे पांच, ऐसे बावीस. पंतांनीं चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोघीही." एवढेंच म्हणाले. कलम न सांगतां ते इतकें थोडें कधीं बोलले नाहींत, ऐसें त्यांस ओळखणारे सांगतात. शके पंचेचाळिसांत लाडूबाई एकही दौड जिंकल्या नाहींत, दुसऱ्याच येत गेल्या, आणि दुसरी येत येत दुसऱ्या पायरीस चढल्या.

मग चैत्रांत थोर दौड जाहली. किल्ल्याखालीं चौऱ्यांशी सायकली उभ्या राहिल्या, त्यांत दोन बायका. प्रथम फेऱ्यांत पुरुष स्वार या दोघींपासून अंतर राखून चालले, कोणी वाईट बोललें नाहीं, परंतु मागें कोणी लागेना. दुसऱ्या फेऱ्यांत घाट चढतांना हौसा पुढच्या घोळक्यांत निघून गेली. लाडूबाई एकट्या राहिल्या, आणि उतारास लागल्या. उताराची वाट अरुंद, वळणांवर खडी पसरलेली, आणि डाव्या हातास कडा. तेथें त्यांनीं जैसें नदीकांठीं शिकविलें होतें तैसेंच केलें, वळणाचे आधीं वेग उतरवून, डोळे पुढें ठेवून, खडी दिसतां हात खालीं करोन खूण केली. मागें कोणी आहे कीं नाहीं हें त्यांनीं पाहिलें नाहीं. तिसऱ्या फेऱ्यास उतारावर त्यांच्या चाकामागें एक सायकल होती, पांचव्यास सहा होत्या, आणि सातव्यास आम्ही वळणावरून मोजिल्या त्या अकरा. हौसा एकोणिसावी आली. लाडूबाई एक्कावन्नाव्या आल्या. त्या रेघेपलीकडे सायकल टेकून उभ्या होत्या, दम जागेवर नव्हता, तेव्हां पहिल्या पायरीचे एक जुने स्वार, मिशा पांढऱ्या, त्यांच्याजवळ आले. नांव त्यांनीं सांगितलें नाहीं. म्हणाले, "बाई, पांच फेरे उतारावर मी आपल्या चाकामागें होतों. माझ्या खांद्यास जुनी दुखापत आहे, उतारावर मी कोणाच्या मागें लागत नाहीं. आज भय वाटलें नाहीं." ऐसें बोलोन ते निघून गेले. लाडूबाईंनीं रायाजींकडून पाणी घेतलें, अर्धें प्यायल्या, आणि अर्धें हौसेकरितां राखून ठेविलें.

इतकी ही हकीकत. पुढें हौसा पहिल्या पायरीस गेली. लाडूबाई दुसऱ्याच पायरीवर राहिल्या आणि तेथें त्यांस कोणी वर चला म्हटलें तर ऐकून घेत. भिकूबाईंनीं साठाव्या वर्षीं नवी हलकी सायकल घेतली, आणि त्या हिवाळ्यांत एकदां सोळाव्या आल्या, वीस जणींत. पाहिलें तितकें लिहिलें. चूकभूल असेल ती आमची, पाय त्यांचे होते.